वाढीची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे आणि माझ्या अंगावरचा एकही सेंटीमीटर खरा नाही. नाक मुरडू नका, आधी ऐका.

वितळलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं. शंभराचं अठ्ठ्याण्णव होतं. म्हणून साच्यासाठी लाकडाचा नमुना करतात, तो आधीच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी बेरीज-वजाबाकी कोण करत बसणार? म्हणून मला घडवणाऱ्यांनी माझ्या रेघाच जरा लांब लांब कोरल्या. मी तीनशे मिलिमीटर म्हणते, तेव्हा ते खरे तीनशे सहा असतात. मला म्हणतात वाढीची पट्टी. शाळेत मी गेले नाही, अंगावर आकडे आहेत तेवढंच माझं शिक्षण. पण माझ्या मापाच्या नमुन्यांवरून जी चाकं ओतली गेली, ती भिलाईच्या प्लांटमध्ये अजून फिरत आहेत. तुमच्या कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला विचारा, तिनं काय केलं ते.

माझे मालक भाऊराव. चौतीस वर्षं लाकडाचे नमुने करत होते. मी त्यांच्या पगारातून घेतलेली, म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याच खिशातून भिलाईजवळच्या कोहक्याच्या घरी आले. तिथं माझी जागा शिलाई मशीनच्या खणात, पण भाऊराव बाहेर निघाले की सवयीनं मला खिशात टाकत. त्यांच्या बायकोनं, ठकूबाईनं, दोनदा माझ्यानं पाल हाकलली. मी ते विसरलेले नाही.

भाऊरावांनी एक शब्द दिला होता. रुआबांध्याच्या विहारात बुद्धमूर्तीच्या वर भिंतीत एक गोल कोनाडा आहे. त्यात पुठ्ठ्याचं चक्र होतं, कडा कुरतडलेलं. तिथं सागवानाचं, चोवीस आऱ्यांचं चक्र स्वतःच्या हातानं कोरून बसवीन, असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले. फळीही आणली. एकच, पण कशी! चीर नाही, गाठ नाही. आणि तेवढ्यात त्यांचे हात थरथरायला लागले. पटाशी धरली की सरळ रेघ नागमोडी व्हायची. फळी खाटेखाली गेली. तीन वर्षं तिच्याबद्दल घरात कोणी बोललं नाही.

मग त्यांची नात साक्षी, पॉलिटेक्निकमध्ये शिकते ती, म्हणाली, "आबा, आपण सीएनसी राउटर घेऊ. छोटावाला, टेबल पे रखने का."

रायपूरच्या दुकानात कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणाऱ्या अशा दोन मशिनी मांडल्या होत्या. मी भाऊरावांच्या खिशातून डोकावत होते. एक ऐसपैस, चकचकीत, रबरी पट्ट्यावर चालणारी. दुसरी लहान, बसकी, जाड स्क्रूवर सरकणारी. साक्षीचं मन मोठीवर बसलं. भाऊरावांनी मोठीची मोटर मुठीत धरली आणि हलवली. ती डुगडुगली.

"हात माहे हालून राहिले ते समजलं," ते दुकानदाराला म्हणाले, "ही कावून हालून राहिली?"

लहान मशीन घरी आली.

पहिल्या दिवशी तिची सुई, म्हणजे लाकूड कोरणारी बिट, खाली उतरली ती थेट टेबलात. तुटली. दुसऱ्या दिवशी दुसरी तुटली. घरभर भुसा. ठकूबाई झाडू घेऊन दारात उभी.

"दोघं मिळून भुसाच पाडून राहिले. चक्र कधी पाडता?"

भाऊरावांनी युक्ती सांगितली. बिटखाली कागदाचा तुकडा ठेव, सरकवत राहा, बिट हळूहळू खाली आण. कागद अडला की थांब, तिथं तुझं शून्य, खोली तिथून मोज. साक्षीनं तसं केलं. आणि मग, मित्रांनो, मी जे पाहिलं ते कसं सांगू? मशीन चालू लागली. डोळे नाहीत, पण गोल काढते. श्वास घेत नाही, दमत नाही. एकच वळण दहा वेळा गिरवते आणि दहाही वेळा त्याच जागी. भट्टीतून पोलाद ओतताना पाहिलं होतं, त्यानंतर आयुष्यात दुसऱ्यांदा मी असं काही पाहिलं.

बुद्धपौर्णिमेला पाच दिवस होते. भाऊराव कोनाडा मोजायला गेले. सवयीनं हात खिशात गेला आणि मी बाहेर आले. कोनाड्यात मी बरोबर तीनशे भरले.

"पक्का तीन सौ, आबा?"

"तीनशे. लिही."

मी ओरडणार कशी? मला आकडे आहेत, तोंड नाही.

सागवानाची फळी मशीनवर चढली. दोन दिवस चाललं. चोवीस आरे उमटले, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे. ठकूबाईसुद्धा झाडू टेकवून बघत बसली. मग चक्र विहारात नेलं, कोनाड्यात बसवलं, आणि ते खुळखुळलं. चहूबाजूंनी तीन मिलिमीटरची फट.

साक्षीचा चेहरा उतरला. "मैंने बिगाड़ दिया, आबा. फळी एकच होती."

भाऊरावांनी खिशातून मला काढलं. माझ्या रेघांवरून अंगठा फिरवला. पोरीनं दोष अंगावर घेतलाच होता. ते गप्प राहिले असते, तर मी आणि ते सोडून कोणाला काही कळलं नसतं.

"तू नाही बिघडवलं, माय," ते म्हणाले. "ही वाढीची पट्टी. मी चुकलो."

"म्हणजे मशीन बरोबर, पोरगी बरोबर," ठकूबाई म्हणाली, "फक्त चौतीस वर्षांचा कारागीरच चुकला."

"बोल, बोलून घे."

"बोलतेच. पण फटीले रडून कावून राहिले? सुपाले कड नसते का?"

तिनं बांबूची कामटी आणवली, रात्रभर पाण्यात भिजवली, तीन मिलिमीटरची तासून घेतली. चक्राभोवती ती वळवून दाबायला मात्र बळ लागत होतं. भाऊराव पुढे झाले. दोन्ही तळवे लावून त्यांनी ती दाबून धरली, साक्षीनं चिकटवली. जोर लावलेला हात थरथरत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. पौर्णिमेला चक्र कोनाड्यात गच्च बसलं. लोक म्हणाले, कड काय सुरेख दिलीय. ठकूबाईनं कोणाचाच गैरसमज दूर केला नाही.

त्यानंतर एक दिवस साक्षीनं मला मशीनशेजारी ठेवलं आणि बारीक मापानं माझी लांबी, रुंदी, जाडी घेतली. आयुष्यभर मी जगाला मोजलं, मित्रांनो. मला कोणी मोजलं नव्हतं. उरलेल्या सागात मशीननं माझ्यासाठी खाच कोरली. मी आत उतरले, तर केसाएवढी फट नाही. वर अक्षरं आहेत: ही वाढीची पट्टी. विचारून मोजा.

तुमच्याही घरात अशी कोणी जुनी पडली असेल. तिला फेकू नका, आणि न विचारता वापरूही नका. ती कशासाठी घडली, ते माहीत असलेलं माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून ठेवा. आणि तिच्यानं पाल हाकलू नका.