पिशवीतला पाय

झेनायदा ओकेन्दोच्या उजव्या तळव्यात शिलाईची सुई मोडली, आणि तिला ते कळलं दुसऱ्या दिवशी, मोजा रक्ताने चिकटला तेव्हा. आता बोला. मातान्सास बंदराच्या निम्म्या गावाचे कपडे जिने चाळीस वर्षं शिवले, विजेचा धनी देव जो चांगो, त्याच्या उत्सवाचे लाल-पांढरे झगे जिच्याशिवाय कुणाला जमतच नसत, त्या बाईच्या पायात तिचीच सुई घुसते आणि तिला मुंगी चावल्याइतकंही जाणवत नाही. साखरेचा आजार, दुसरं काय. गेलं वर्षभर घोट्याखाली तिला काही कळत नव्हतं. मशीनचं पायडल ती त्याच पायाने मारायची, पण खाली वाकून बघत बघत, पाय जागेवर आहे की घसरला याची खात्री करत.

जखम चिघळली आणि पायाची करंगळी काळी पडली. सर्जन पेद्रोसो तुटक बोलणारा माणूस होता, पण खोटं बोलायचा नाही. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, असं त्याने सरळ सांगून टाकलं. मग मशीन कशाने चालवू, असं झेनायदाने विचारलं, तर म्हणाला, आधी जगा, मशीनचं नंतर बघू. झेनायदा उठेना. तिथेच खुर्ची धरून बसली. शेवटी त्याने चष्मा काढला आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. वरच्या मजल्यावर ओझोन वायूच्या उपचाराची खोली आहे, तिथे रोज जायचं, गोडाला हात लावायचा नाही, घरी पाय उशीवर. पंधराव्या दिवशी तो स्वतः तळव्याला सुई टोचून बघणार. कळली, तर पाऊल वाचवायचा प्रयत्न करू. नाही कळली, तर दुसऱ्या दिवशी टेबलावर.

ते टंचाईचं साल होतं. पेट्रोल नाही, बस नाही, वीज कधी येईल आणि कधी जाईल ते फक्त देवाला ठाऊक. तिचा धाकटा दीर फेर्मीन तिला चिनी सायकलच्या कॅरियरवर बसवून न्यायचा. वाटेत रेल्वेचे रूळ लागत आणि त्यांच्या दोन्ही अंगांना खड्डे. दर वेळी तो मागे वळून विचारायचा, "लागलं का, वहिनी?"

"मला कुठे लागायला, भावजी. तुमच्या सायकलला विचारा."

ती हसून म्हणायची खरी. खड्ड्यात आदळून लोंबकळता पाय फ्रेमवर आपटला, तर तिला तो आपटल्याचा नुसता आवाज ऐकू यायचा.

ओझोनच्या खोलीबाहेर बाकं होती. आल्याबरोबर रांगेत शेवटचं कोण ते विचारायचं, त्या माणसाला डोळ्यांत धरून ठेवायचं आणि बसायचं. बसलं की गप्पा दुखण्याच्याच. चिरूट वळणारी एक बाई गुडघ्यांत ओझोनचं इंजेक्शन घेण्यासाठी यायची, एक निवृत्त मास्तर कमरेत. कुणाचं किती दुखतं याची तिथे चढाओढच लागलेली असे. मास्तर म्हणायचे, माझी कमर म्हणजे तापलेली सळई. चिरूटवाली म्हणायची, सळईचं काय घेऊन बसलात, माझ्या गुडघ्यांत करवत चालते. पहिल्या दिवशी त्यांनी झेनायदाला विचारलं, तुमचं काय दुखतं? ती म्हणाली, काहीच नाही. सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही रांगेत घुसलेली भामटी आहे. मास्तर तर तोंडावर म्हणाले, बाई, इथे दुखणारे लोक बसतात. झेनायदाला भयंकर लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या दुखण्याचा हेवा वाटला.

खोली सिस्टर ओदालिसची. चाळिशीची, सडसडीत, हसली तर पगार कापतील असा चेहरा. वडील कट्टर कम्युनिस्ट पक्षवाले, घरात देवाचं नाव काढलेलं खपायचं नाही. तिच्या हाताखाली सगळं शिस्तीत. पाय पाण्याने ओला करायचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवी पोटरीशी घट्ट बांधायची, आतली हवा ओढून काढायची आणि नळीने गॅस सोडायचा. वीस मिनिटं हलायचं नाही. खिडकी उघडी, कारण तो वास छातीत गेलेला चांगला नाही. शेवटी जखमेवर त्याच गॅसने भारलेलं सूर्यफुलाचं तेल. घरी लावायला दिलेल्या बाटलीवर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, खायचं नाही. तरी बजावलं, "याच्यात कुणी केळी तळली, तर मला येऊन सांगू नका. तीन घरांत झालंय. एका घरात तर वर मीठ घालून खाल्ली."

पहिल्याच दिवशी गॅस सोडताना तो वास आला, आणि झेनायदाच्या अंगावर सरसरून काटा आला. ती सात वर्षांची असताना साखर कारखान्याच्या वस्तीत, अंगणातल्या उंच ताडावर वीज पडली होती. झाड वरपासून खालपर्यंत चिरलं, आणि सगळ्या अंगणात हाच वास भरून राहिला होता, तीक्ष्ण, स्वच्छ, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. आजीने सगळ्यांना उभं केलं होतं. चांगो येऊन गेला, वास घ्या त्याचा, म्हणाली होती.

"सिस्टर, त्या डब्यात काय आहे?"

बुटाच्या खोक्याहून जरा मोठं ते यंत्र. ओदालिसने नळीवरची नजर न काढता सांगितलं, आत काचेची नळी आहे, सिलेंडरमधला ऑक्सिजन तिच्यातून जातो, आणि विजेच्या ठिणग्या त्याला फोडून पुन्हा जोडतात. आकाशात वीज चमकते तेव्हा होतं तेच, फक्त एवढंसं.

"म्हणजे आत वीज पडते?"

"एका सेकंदात हजारदा."

झेनायदाचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिने डोकं झुकवून त्या डब्याला नमस्कार केला आणि चांगोचं नाव घेतलं. ओदालिसने कपाळाला आठ्या घातल्या आणि इथे फक्त रसायनशास्त्र चालतं म्हणून सुनावलं. झेनायदाचे डोळे डब्यावरच होते. ज्याला झाडं चिरताना पाहिलं होतं, तो आपल्या एका पायासाठी एवढ्याशा डब्यात येऊन बसतो! ती वीस मिनिटं श्वाससुद्धा जपून घेत बसली.

चौथ्या दिवशी तिने यंत्राला झाकण शिवून आणलं, लाल कापड, पांढरी किनार. शिवलं होतं डाव्या पायाने, त्यामुळे एक शिवण वाकडी गेली होती आणि तिला त्याचं फार वाईट वाटत होतं. ओदालिस म्हणाली, मला असलं काही नको. मग म्हणाली, धूळ फार येते, ठेवा तिकडे. दुसऱ्या दिवशी झाकण यंत्रावर होतं. वाकड्या शिवणीची बाजू भिंतीकडे होती.

मधले चार दिवस वीजच नव्हती. खोलीबाहेर रांग तशीच बसून राही, पंखा बंद, यंत्र बंद, आणि झेनायदा मनात दिवस मोजे. जखम लाल झाली होती, घाण वास गेला होता, हे खरं. पण रोज रात्री निजण्याआधी ती झग्याच्या गळ्याशी टोचलेली सुई काढून तळव्याला लावून बघे. काही नाही. कापसाच्या उशीत टोचावी तसं. एकदा तर तिने ती सुई भिंतीवर फेकून मारली, आणि मग गुडघ्यांवर रांगत शोधून परत गळ्याशी लावली, कारण सुया तरी कुठे मिळत होत्या.

पंधरावा दिवस उजाडला. दुपारी समुद्राकडून काळंकुट्ट भरून आलं. ओदालिस म्हणाली, लाइट जायच्या आत उरकू. पाय ओला केला, पिशवी बांधली, गॅस सोडला. पेद्रोसो खालच्या मजल्यावर होता, उरकलं की वर येणार होता. झेनायदाचा जीव टांगणीला लागला होता. ती पिशवीतल्या पायाकडे बघत होती, आणि सांगू का, मनातून तिने त्या पायाचा निरोप घ्यायलाही सुरुवात केली होती.

तेवढ्यात बंदरावर कडाडलं.

आता हे समजून घ्या. तिच्या घरात गडगडाट झाला की माणूस उभा राहतो. तोंडात घास असो, मांडीवर पोर असो. चांगो वरून जातोय आणि आपण बसून राहायचं, हे तिच्या हाडांनाच माहीत नव्हतं. ओदालिसने हजारदा हलू नका म्हटलं होतं, पण ते कानांनी ऐकलेलं. उठली ती हाडं. झेनायदा ताडकन उभी राहिली, हात वर करून त्याचं नाव घेतलं, आणि सगळा भार पिशवीतल्या ओल्या पायावर आला.

पाय सरकला. पिशवी टर्रकन फाटली. यंत्राच्या टेबलाला धरत धरत ती खाली बसली आणि सगळ्या खोलीत विजेचा वास कोंदला. ओदालिसने तोंडाला पदर लावावा तसा एप्रन धरला, खटका बंद केला, खोकत दार उघडलं आणि जे तोंडाला आलं ते बोलली. पंधरा दिवसांची मेहनत, शेवटचा गॅस, आणि हाड मोडलं असतं म्हणजे? देवाला उभं राहून दाखवायची हौस होती, तर पाय घेऊन कशाला आलात इथे?

झेनायदाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती जमिनीवर बसून दोन्ही हातांनी टाच धरून होती. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "दुखतंय."

"कुठे?" ओदालिसने विचारलं.

"टाचेत. आणि इथे, कडेला. ठणकतंय हो, चांगलं ठणकतंय."

ओदालिस तिच्यासमोर फरशीवर बसली, यंत्रासारखी कडक ती बाई, आणि टाचेवर अंगठा दाबला. झेनायदा कळवळली. पुन्हा दाबला. पुन्हा कळवळली. तेवढ्यात बाहेरून मास्तरांनी विचारलं की आत काय चाललंय.

आवाज ऐकून पेद्रोसो वर आला. फाटलेली पिशवी पाहिली आणि सुई मागितली. ओदालिस कपाटाकडे वळली, पण झेनायदाने गळ्याशी लावलेली आपलीच सुई काढून दिली. ओदालिसने ती स्पिरिटने दोनदा पुसली. पेद्रोसोने झेनायदाला डोळे मिटायला लावले.

करंगळीला टोचलं. ती गप्प. शेजारच्या बोटाला. गप्प. तळव्याच्या मध्यावर. गप्प. दारात चिरूटवाली आणि मास्तर येऊन उभे होते. मग कडेला टोचलं, आणि झेनायदाने पाय झटकला. अंगठ्याला टोचलं, आणि पुन्हा झटकला. टाचेला टोचलं, तेव्हा तिने डोळे न उघडता सर्जन पेद्रोसोच्या थोरल्या आजीपर्यंत जाऊन शिवी दिली.

मास्तरांनी टाळी वाजवली आणि मग आपणच ओशाळले.

पेद्रोसोने टाच हातातून सोडली नाही. दोन बोटं जातील, म्हणाला. पाऊल राहील, पायडल मारता येईल. गॅसने झालं, की तुम्ही साखर सोडलीत म्हणून, की पाय वर ठेवून बसलात म्हणून, ते मला विचारू नका, कारण मला ठाऊक नाही. वीस वर्षं पाय कापतोय, म्हणाला, आणि अजून एकही पाय मला पुरता कळलेला नाही. तसं म्हणताना त्याचा आवाज नेहमीसारखा तुटक नव्हता.

पुन्हा गडगडलं. दिवा गेला. अंधारलेल्या खोलीत झेनायदा उठायला धडपडली, तेव्हा ओदालिसने तिचे दोन्ही खांदे दाबून तिला खालीच बसवलं. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी उभी आहे ना." आणि खरंच, गडगडाट बंदरापलीकडे जाईपर्यंत ती उभी राहिली.

पाऊस ओसरल्यावर, पट्टी बांधून झाली तेव्हा फेर्मीनने तिला कॅरियरवर बसवलं. सायकल रुळांशी आली. त्याने सवयीने मागे बघितलं. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. प्रत्येक धक्क्याला तिचे ओठ आवळत होते.

"लागलं का, वहिनी?"

"लागलं."

तो घाबरून सायकल कडेच्या सपाट वाटेकडे वळवू लागला. झेनायदाने मागून त्याचा सदरा पकडला.

"तिकडून नको, भावजी," ती म्हणाली. "खड्ड्यांतूनच घ्या."