बुधवारची पेशंट

दर बुधवारी दुपारी तीन वाजता मला कॅन्सर होतो. कधी पोटात गाठ असते, कधी पाय काढायचा असतो. पल्लवी मॅडम शिकाऊ सर्जन पोरांना पेशंटशी बोलायला शिकवतात. त्यासाठी त्यांना खोटा पेशंट लागतो, म्हणून वॉर्डातली मावशी, म्हणजे मी, सिंधुबाई, खाटेवर झोपते. मी सहजासहजी ऐकून घेत नाही, उलटे प्रश्न विचारते, म्हणून मॅडमना मी आवडते.

पोरं शिकतात हो. खुर्ची ओढून जवळ बसायचं. ‘कळलं ना?’ असं विचारायचं नाही, कारण आपली माणसं न कळताही हो म्हणतात. ‘तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा,’ असं म्हणायचं. डॉक्टर ज्ञानेशला हे सगळ्यांत छान जमायचं. एकदा तो असा बोलला की खोट्या आजाराचं मला खरं रडू आलं. मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी दिले. मी घरी जाऊन सुनेला म्हणाले, या पोराच्या हाती पडेल तो पेशंट नशीबवान.

पडली हरसूलकडची झुंबरबाई. साखरेमुळे तिचा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. वॉर्डात चाळीस पेशंट, खाली ओपीडीत ही रांग. ज्ञानेशने तिच्या जावयाला, महेशला, दाराशी गाठलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. नाहीतर जीव जाईल."

"त्यांना सांगू नका साहेब," महेश म्हणाला. "घाबरून घरी पळतील. पट्टी करायचीय म्हणून सांगतो मी."

ज्ञानेशने घड्याळ बघितलं. "बरं. कागदावर अंगठा घ्या त्यांचा."

शाईचं पॅड मीच धरलं. अंगठा मीच टेकवला आणि कापसाने पुसलाही मीच.

"साहेब, बाईंना सांगायचं राहिलं," मी हळूच म्हणाले.

"नातेवाइकांना सांगितलंय ना मावशी? टेबल रिकामं झालंय, चला लवकर."

स्ट्रेचरवर झुंबरबाईने माझा हात धरला. "पट्टीला लय येळ लागंल का गं? बाजाराच्या दिवशी चालाया येईल ना?"

"येईल," मी म्हणाले.

मी कंत्राटी बाई. तोंड उघडलं तर उद्या माझ्या जागी दुसरी येते. पण खरं सांगू? तेव्हा मला नोकरीसुद्धा आठवली नाही. मला फक्त स्ट्रेचर ढकलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईने स्वतःच पांघरूण बाजूला केलं. महेश चहाला गेला होता, ज्ञानेश ऑपरेशनमध्ये होता. पाय होता तिथे तिने बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. "अंगठा पुसलास ना तू माझा? तवा तरी सांगायचं व्हतं." त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. जेवणाचं ताट रोज तसंच परत जायचं. मला तिच्या खाटेकडे जायची लाज वाटायची.

पुढच्या बुधवारी ज्ञानेश नव्या पोरांना करून दाखवणार होता. मॅडमनी आजार दिला, पाय काढायचा.

त्याने खुर्ची ओढली. हळू आवाजात, थांबत थांबत सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. "पट्टी करायची म्हनले. बाजाराच्या दिवशी चालाया येईल म्हनले."

मला वाटलं, आता तरी त्याचा चेहरा उतरेल. त्याने मायेने माझ्या हातावर हात ठेवला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागला. मी तेच उत्तर दिलं. त्याने परत सांगितलं, जराही न चिडता. मागे पोरं भराभर वहीत उतरवून घेत होती.

शेवटी मीच थकले. म्हणाले, "हो साहेब, कळलं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.