एका टाकीत नांदतील असे मासे

१९७६च्या जानेवारीत मला भिवंडीतल्या एका दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासायचं काम मिळालं. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालो होतो आणि वडप्याहून एसटीने येत-जात होतो. दवाखान्याची मागची भिंत कापड विणणाऱ्या लूमच्या शेडला लागून होती. शेडमध्ये चोवीस लूम, दोन शिफ्ट, रात्रंदिवस चालू. पहिल्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते मला अर्धंच ऐकू आलं. आठवड्याभरात लूमचा आवाज ऐकू येईनासा झाला, म्हणजे आवाज होताच, मी तो धरायचं सोडलं.

इंजेक्शनला आलेली पोरं रडू नयेत म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत, त्याच भिंतीला टेकवून, तीन फुटी काचेची टाकी ठेवली होती. आधीचे मासे एकेक करून मेले होते.

"तू प्राणिशास्त्रवाला ना?" डॉक्टर म्हणाले. "मग एकत्र राहतील असे मासे निवड. पुन्हा मेले तर टाकी काढून तिथे बाकडं टाकतो."

मी कामाला लागलो. कॉलेजच्या वाचनालयातून पुस्तक आणलं आणि तक्ता आखला: माशाचं नाव, पूर्ण वाढल्यावरची लांबी, पाणी किती उबदार लागतं, वर पोहतो की तळाशी, काय खातो, कोणाला खातो. बारा नावं लिहिली आणि सात खोडली. उरलेल्यांत सहा टायगर बार्ब होते, अंगावर काळे पट्टे असलेले, पोरांना आवडतील असे. पुस्तकात त्यांच्याबद्दल एक इशारा होता: लांब पर असलेल्या माशांचे पर हे कुरतडतात. पण मी ते आणून टाकीत सोडले आणि रोज वीस मिनिटं बघितलं. ते एका कोपऱ्यात दगडाआड दाटीने उभे राहत. खायला टाकलं की वर येत, पुन्हा दगडाआड. मी वहीत लिहिलं, "शांत. लाजाळू." पुस्तकापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मी तो ठेवला.

हिरामणदादा शेडमध्ये जॉबर होते. लूम बिघडला की दुरुस्त करायचा, नीट चालता ठेवायचा, हे जॉबरचं काम. वय पन्नाशीच्या आसपास, गाव अंबाडीच्या पुढे. पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत आणि स्वतः मोठ्याने बोलत. त्यांचा खासगी आजारही सगळ्या दवाखान्याला कळे.

त्यांच्याकडे दोन एंजल मासे होते. नखाएवढे असताना आणलेले, आता तळहाताएवढे झालेले. चपटं अंग, वर-खाली उंच पर, पोटाखाली दोन लांब दोरे. दादा त्यांना पतंग म्हणत. खोलीत सहा माणसं, मासे काचेच्या बरणीत, आणि बरणीत त्यांना आता वळताही येत नव्हतं.

"बीएस्सी," ते एक दिवस टाकीपुढे उभे राहून म्हणाले, "माजे पतंग हितं ऱ्हातील का?"

मी तक्ता बघितला, बार्बांकडे बघितलं. "राहतील," म्हणालो.

"माज्याकडं तोंड करून बोल."

"राहतील, दादा."

त्यांनी ते आणून सोडले. पहिल्यांदाच एवढं पाणी मिळाल्यावर दोघांनी पर पूर्ण उघडले, आणि हिरामणदादा रिकामी बरणी छातीशी धरून बघत राहिले. त्या दिवसापासून शिफ्ट सुटली की ते दहा मिनिटं येऊन उभे राहत.

सात फेब्रुवारीला सकाळी एका एंजलचा पोटाखालचा दोरा अर्धा तुटलेला दिसला. चौदा तारखेला दुसऱ्याची शेपटी फाटलेली. पर सडण्याचा रोग असेल म्हणून मी निळं औषध घातलं. मग अठरा तारखेला पुन्हा, आणि एकवीसला पुन्हा. पोरं काचेवर टकटक करतात म्हणून टाकीपुढे दोरी बांधली. रात्री गारठा असतो म्हणून टाकीवर बल्ब लावला. वहीत तारखांमधली अंतरं काढली: सात, चार, तीन. त्यातून काही निघत नव्हतं.

"भाऊ, त्या वहीला तरी खायला घाला," शेवंताबाई म्हणाल्या. त्या दवाखान्यातल्या कंपाउंडर. माशांना खाणं टाकणं आणि रुग्णांना नंबर देणं दोन्ही त्यांच्याकडे. "माशांपेक्षा तीच जाड झाली."

एकवीस तारखेच्या संध्याकाळी हिरामणदादा शिफ्ट सुटायच्या आधीच आले आणि टाकीपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मोठ्या एंजलचा आता एकही दोरा शाबूत नव्हता, आणि तो पाण्याच्या वरच्या थरात तिरका झाला होता.

"आणखी एक चावा पडला तर ह्यो जगत न्हाय," ते म्हणाले. "घरी न्हेला तर बरणीत मरंल. कुठं ठेवू, सांग."

मी वही पुढे केली, अपराध्यासारखी. त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी उजवा तळहात टाकीच्या काचेवर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. लूमच्या बाजूला हात ठेवून कुठला खिळा सैल आहे ते ते असंच शोधत, हे मी शेडच्या दारातून पाहिलं होतं.

"थरथरतंय," ते म्हणाले.

"काय?"

"टाकी. भित्तीतनं येतंय समदं. तुला लागत न्हाय?"

मी हात ठेवला. खरंच, काच एकसारखी बारीक थरथरत होती. दीड महिना मी या टाकीचं पाणी मोजत होतो, तापमान मोजत होतो, आणि काचेला एकदाही सपाट हात लावला नव्हता.

"कुठल्या वारी चावलं?" त्यांनी विचारलं.

मी तारखा वाचायला लागलो.

"तारीख नको. वार सांग."

माझ्या वहीत तारखा होत्या, वार नव्हते. शेवंताबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. सात शनिवार. चौदा शनिवार. एकवीस, म्हणजे आजचा, शनिवार. अठरा मात्र बुधवार.

"शनिवारी सकाळी दिसलं, म्हंजे शुक्रवारी झालं," दादा म्हणाले. "शुक्रवारी लूम बंद."

"पण अठरा बुधवार आहे, दादा."

ते थोडे हसले. "मंगळवारी दुपारी लाईट गेली व्हती, इसारलास? चार तास. मी शेडच्या दारात बिड्या फुकत बसलेलो."

मी खुर्चीवर बसलो. शुक्रवारी भिवंडीतल्या लूमना सुट्टी, म्हणून शुक्रवारी दवाखान्यात सगळ्यांत जास्त गर्दी. दिवसभर मी आतल्या खोलीत काचांवर वाकलेला असायचो. वहीत तीन शुक्रवारांपुढे मीच लिहिलं होतं, "गर्दी. निरीक्षण नाही." म्हणजे बार्ब मी फक्त थरथरत्या पाण्यातच पाहिले होते. ते लाजाळू नव्हते, घाबरलेले होते. पुस्तक त्यांच्याबद्दल खरं सांगत होतं. ते कुठल्या भिंतीला टेकून राहणार, हे पुस्तकाला कसं माहीत असणार? ते मला माहीत असायला हवं होतं.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"लूमचंबी तसंच. सुट्टीनंतर शनिवारी पयल्या तासाला धागा लय तुटतो. चालू असताना खोड दिसत न्हाय. थांबल्यावर दिसते." मग म्हणाले, "पण ह्ये माजं बोलणं झालं. तुजं शास्त्र म्हणंल, बघितलं का कुणी?"

हेच मी म्हणणार होतो, पण त्या तिरक्या माशाकडे बघून धीर झाला नव्हता. मी सुचवलं की मध्ये काच उभी करून पुढच्या शुक्रवारी बघू.

"काच घातल्यावर काय दिसणार? चावायला मिळालं पायजे त्यांना. शुक्रवारची वाट कशाला? सातला शिफ्ट बदलंल, तवा मी शेडचा मेन स्विच खाली करतो. तेल घालायचंय म्हणून सांगतो. पंधरा मिनटं. तू जाळी घेऊन बस. चावलं की भित्तीवर ठोक."

"ठोकलेलं तुम्हाला ऐकू कसं येणार?"

"हात ठेवीन ना भित्तीवर," ते म्हणाले, जणू मी काही बालिश विचारलं होतं.

सात वाजता लूम थांबले. शांतता एवढी अचानक आली की शेवंताबाई रुग्णाला सांगत असलेलं "उपाशीपोटी घ्यायची" हे वाक्य सगळ्या खोलीत घुमलं आणि त्यांनी ओशाळून आवाज खाली घेतला. मी हातात जाळी घेऊन टाकीपुढे बसलो. पहिली चार मिनिटं काहीच नाही. पाचव्या मिनिटाला एक बार्ब दगडाआडून निघाला, टाकीच्या मध्यापर्यंत आला आणि परतला. मग दोन निघाले. मग सहाही. असे बार्ब मी कधी पाहिलेच नव्हते: पट्टे गडद झालेले, पर लालभडक, एकमेकांचा पाठलाग, गिरक्या. खरं सांगायचं तर ते फार सुंदर दिसत होते. नवव्या मिनिटाला त्यांतला एक मोठ्या एंजलच्या मागून आला, शेपटीला झटका दिला आणि तुकडा तोंडात घेऊन पळाला.

मी जाळी एंजलखाली धरली आणि दुसऱ्या हाताने भिंतीवर तीनदा ठोकलं.

तीन सेकंद, फार तर चार. पलीकडे लूम सुरू झाले, काच थरथरू लागली, आणि सहाही बार्ब बोलावल्यासारखे दगडाआड गेले.

हिरामणदादा आले तेव्हा हाताला तेल होतं. मी त्यांना चावलेली जागा दाखवली आणि माफी मागितली. त्यांनी ती ऐकली नाही, की ऐकायची नव्हती, ते मला कळलं नाही. "नऊ मिनटं लागली," ते बार्बांकडे बघत म्हणाले. "वाईट न्हायत ते. त्यांना शांत जागा पायजे, आन् यांच्यासारखं झुलतं काय नको."

बार्ब डॉक्टरांच्या घरच्या टाकीत गेले. मोठा एंजल आठ दिवस खाली-वर होत राहिला आणि मग सरळ पोहायला लागला. नवे सोबती हिरामणदादांनी निवडले: त्यांच्या गावाकडच्या नदीतले दांडवण, बोटभर लांब, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. मी विचारलं, हेच का?

"पुलाखाली ऱ्हातात. वरनं ट्रक गेला तरी हालत न्हायत, आन् रात्री रस्ता बंद असला तरी तसेच. दोन्ही वेळी बघितल्यात मी."

माझ्या तक्त्यातल्या एकाही रकान्यात हे विचारलेलं नव्हतं. दांडवण उड्या मारतात म्हणून टाकीवर जाळीचं झाकण तेवढं मी सुचवलं, आणि ते त्यांना पटलं.

पाच मार्चच्या शुक्रवारी मी काचा बाजूला ठेवून बाहेरच्या खोलीत आलो. गर्दी होती. हिरामणदादा लूमना तेल घालायचं अर्धं सोडून आले होते आणि बाकावर, टाकीच्या समोर, बसले होते.

"तुमचा नंबर कितवा?" शेवंताबाईंनी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

"मला काय झालं न्हाय. मासे बघाया आलोय."

"मग उठा. या बाईंना बसू द्या, दिवस भरलेत त्यांचे."

ते उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. भिंत त्या दिवशी गप्प होती. मी घड्याळ लावून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. दांडवण वरच्या पाण्यात होते, एंजल मधल्या, आणि मोठ्याच्या पोटाखाली दोन नवे दोरे फुटायला लागले होते, अजून गव्हाच्या दाण्याएवढे.

"किती झाली?" दादांनी विचारलं.

"बत्तीस मिनिटं."

"आणखी ऱ्हाऊ," ते म्हणाले. आतून डॉक्टर मला हाका मारत होते, पण मी तसाच उभा राहिलो.