सिमुर्गाचं पीस

मी एक जुना समोवर आहे. समोवर म्हणजे चहाचं पाणी उकळायचं पितळी भांडं. पोटात निखाऱ्यांची नळी आणि खाली तोटी. इराणातल्या यज्द गावी एका तांबटाने मला ठोकून घडवलं. खोदादाद नावाचा तरुण परमुलखी निघाला, तेव्हा त्याच्या आईने मला त्याच्या हवाली केलं. सोबत एक पांढरं पीस दिलं. "हे सिमुर्गाचं समज," ती म्हणाली. मित्रांनो, सिमुर्ग हा आमच्याकडच्या गोष्टींतला भला थोरला पक्षी. डोंगरात टाकून दिलेलं एक मूल त्याने वाढवलं आणि निरोप देताना आपलं पीस दिलं. अडचणीत जाळ, मी येईन, म्हणाला.

खोदादादने सोलापुरात स्टेशनाजवळ चहाचं दुकान काढलं. फारसी बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून निखारे घालताना तो माझ्याशीच बोले. बाजारात कुणी 'चादर', 'दरवाजा' असे आमच्या फारसीतले शब्द म्हटले की आम्हा दोघांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटे. नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या आमच्या नववर्षाच्या सणाला तो बशीत गहू उगवी. कपबश्या धुणारी करकंबची गोजरबाई ते कोंब पाहून हसे, "शेट, चैतात घट बसवले व्हय?"

आईची आठवण आली की तो पीस घेऊन माझ्यापाशी बसे. पण जाळत नसे. एकच तर होतं!

एका वर्षी तो तापाने फणफणला. गोजरबाईने मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. तेवढ्यात उशाखालचं पीस तिला दिसलं. "अगं बया, करणी केली की कुनीतरी!" म्हणत तिने तेही माझ्या नळीत टाकलं. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

धुराने खोदादाद जागा झाला. त्याची आईही अशीच इस्पंदाचे दाणे जाळून दृष्ट काढायची. "मादर?" त्याने हाक मारली. मग उशाखाली चाचपलं आणि लहान मुलासारखा रडला. पिसाची गोष्ट ऐकून गोजरबाईचा चेहरा उतरला.

दिवसभर तो दाराकडे बघत राहिला. गाड्या आल्या, गेल्या. यज्दहून कोण येणार? गोजरबाई मात्र घरी गेली नाही. कपाळावर ओल्या घड्या ठेवत, पेज भरवत ती बसून राहिली. दिवेलागणीला ताप उतरला.

"गोजरबाई, पीस जळालं आणि तुमी आलात."

"मी कुटं आले, शेट? मी हितंच हाय की, बारा वर्सं."

तेव्हापासून माझ्यात निखारे घालताना तो तिच्याशी बोलू लागला. आता दोघंही नाहीत आणि मी फळीवर काळा पडलो आहे. मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या गावात एखादा माणूस भांड्याशी बोलताना दिसला, तर त्याच्याजवळ जरा बसा.