ब विंगच्या बरण्या

"अरे, हा डबा भरायला तुमच्या हरित विंगला दोन जन्म लागतील," पेन्चो म्हणाला आणि त्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं मुद्दाम अंगणात थुंकली.

वेलिचको ड्रुमेव त्या टरफलांकडे असा बघत राहिला, जणू ती त्याच्या आईच्या फोटोवर पडली होती.

"रविवारपर्यंत," तो म्हणाला. "रविवारी सकाळी काच टाकायचा हिरवा डबा तोंडापर्यंत भरलेला असेल. अ विंगच्या आधी. आणि ती टरफलं उचल. ओला कचरा तपकिरी डब्यात."

"तपकिरी डबा आहे कुठे?"

"मंजूर झालाय."

बाकावरची सगळी मंडळी खो-खो हसली. वेलिचको ब विंगचा सेक्रेटरी होता. आयुष्यभर त्याने साखर कारखान्याच्या भोंग्यावरून सूचना वाचून दाखवल्या होत्या. कारखाना बंद पडला, भोंगा मात्र त्याच्या गळ्यातच राहिला. 'मीठ आहे का?' हेसुद्धा तो असं विचारायचा, की तिसऱ्या पाळीतल्या कामगारांनी कान टवकारावेत. दोन वर्षांपूर्वी युरोपच्या पैशांतून इमारतीला बाहेरून थर्माकोलचं जाड अस्तर लागलं आणि वर पिस्ता नि नारिंगी रंग फासला गेला. "इमारतीला कावीळ आणि हगवण एकदम झालीय," असं पेन्चो सगळ्या गावाला सांगत सुटला होता. तेव्हापासून वेलिचको नुसता सेक्रेटरी राहिला नाही, 'हरित समन्वयक' झाला. नगरपालिकेने त्याला हिरवा बिल्ला दिला. तो बिल्ला लावून तो पाव आणायला जायचा. निळ्या डब्यात कागद, पिवळ्यात प्लास्टिक आणि पत्रा, हिरव्यात काच, हे त्याने जिन्याच्या प्रत्येक वळणावर चिकटवलं होतं. ते चिकटवायला लागलेला कागद मोजला असता, तर निळा डबा त्यातच भरला असता.

"हरलो तर?" पेन्चोने विचारलं.

वरच्या बाल्कनीतून पेन्चोची बायको दोब्रा ओरडली, "हरणाऱ्याने अख्ख्या विंगच्या मिरच्या भाजायच्या! खाली, अंगणात, सगळ्यांच्या देखत! बायकोचा फुलाफुलांचा एप्रन घालून!"

"मला बायको नाही," वेलिचको भोंग्यातून म्हणाला.

"माझा देते हो! तुम्हाला शोभेल!"

हात मिळवले गेले. साक्षीला घरगुती रकियाचा, फळांच्या दारूचा, एकेक घोट झाला. आणि मग पेन्चोची जीभ सुटली. ती एकदा सुटली की त्याच्या स्वतःच्याही ताब्यात राहायची नाही.

"पण साहेब, एवढी काच आणणार कुठून? लोक आता बिअरसुद्धा प्लास्टिकच्या बाटलीतून पितात. का तळमजल्याच्या केरामावशीचं बरण्यांचं तळघर लुटणार?"

पुन्हा हशा झाला. वेलिचको हसला नाही. पेन्चोला तेव्हाच कळायला हवं होतं. वेलिचको हसत नसला की विचार करतो, आणि तो विचार करायला लागला की विंगमधलं काहीतरी बंद पडतं. मागे त्याने विचार केला, तेव्हा लिफ्ट बंद झाली होती. वीज वाचवा! पेन्चो गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः सातव्या मजल्यावर धापा टाकत चढायचा. चढताना प्रत्येक मजल्यावर वेलिचकोला एकेक शिवी, अशी त्याची पद्धत होती. पहिल्या मजल्यावर वेलिचकोचंच दार होतं, तिथे दोन.

खालून वेलिचकोच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. तिच्या कट्ट्यावर एकच बरणी असायची. जुनी, जाड काचेची, आत लाल ल्युतेनिका, म्हणजे भाजलेल्या मिरच्या नि टोमॅटोची आटवून केलेली चटणी. वेलिचकोची बायको नेद्का वारली, त्याच्या आदल्या शरदात तिने ती भरली होती. बरणीवर तिच्या हाताची चिठ्ठी होती. वेलिचको रोज थंड सॉसेज चावायचा, पण त्या बरणीला हात लावायचा नाही. पेन्चोने तिचं नाव ठेवलं होतं 'सरकारी राखीव साठा'. विंगमध्ये सगळे तेच म्हणायचे.

त्या आठवड्यात पेन्चोला इस्पितळाची लिफ्ट दुरुस्त करायची होती. दुसऱ्या मजल्यावर ती अडकली, म्हणून तो बाहेर आला, तर समोरच्या खाटेवर केरामावशी. एका डोळ्यावर पट्टी.

"पेन्चो का रे तू? पावलांवरून ओळखलं. टाच घासत चालतोस मेल्या."

"मावशी, मोतीबिंदू काढलास तो नवऱ्या मुलाचं तोंड नीट बघायला का?"

"तोंड बघण्यासारखं कोण उरलंय इथे! ऐक. शुक्रवारी बाजारात मिरच्या येतील. माझ्यासाठी दोन पोती घे. लांबट, जाड सालीच्या. शनिवारी मी घरी येते. बरण्या धुवून ठेवल्यात तळघरात. रोसित्साची बस महिनाअखेर जाते."

रोसित्सा तिची मुलगी. बल्गेरियातल्या अर्ध्या पोरी जिथे गेल्या, तिथेच ती गेली होती, स्पेनला. मुर्सियात कोणा म्हातारीची शुश्रूषा करायची. दर शरदात मावशी ल्युतेनिकाच्या बरण्या स्पेनच्या बसमध्ये चढवायची, आणि वसंतात रोसित्सा त्या रिकाम्या परत पाठवायची. मोज्यांत गुंडाळून. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून आत काहीतरी असायचंच. कधी ऑलिव्ह, कधी संत्र्याचा मुरंबा. एकदा एका बरणीत नातीचा दुधाचा दात आला होता, आजीने छपरावर कावळ्याला फेकावा म्हणून. मावशीचे गुडघे गेलेले, आणि छपराची किल्ली पेन्चोकडे. तो सात मजले चढून गेला होता, दात फेकून आला होता, आणि त्या दिवशी त्याने कोणाला शिवी दिली नव्हती.

"फोनवर ती थकले म्हणत नाही," मावशी म्हणाली. "सगळं छान आहे म्हणते. पण बरणी चाटूनपुसून आली की मला कळतं, खातेय पोरगी."

विंगमध्ये कोणाची बरणी रिकामी झाली, की तीही मावशीच्याच तळघरात जायची. तळघराला कुलूप नव्हतं. बरण्या कोण चोरणार?

पेन्चो शुक्रवारी मिरच्यांची पोती खांद्यावर टाकून अंगणात आला, तेव्हा हिरवा डबा तोंडापर्यंत भरला होता. वेलिचको त्याच्याशेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेत होता.

"हरलास," तो म्हणाला.

पेन्चोने डब्याच्या भोकातून आत बघितलं. बरण्यांची तोंडं, तुकडे, आणि एका तुकड्यावर अडकलेला लहान मुलाचा पट्ट्यापट्ट्यांचा मोजा.

"कुठून आणल्यास?"

"तूच तर सुचवलंस," वेलिचको अगदी निरागसपणे म्हणाला. "नुसत्या पडून होत्या. झाकणं वेगळी काढली, पिवळ्या पिशवीत. पत्रा काचेत टाकायचा नसतो."

पेन्चोने पोती खाली ठेवली.

शनिवारी केरामावशी आली. भिंत चाचपत तळघरात गेली आणि लगेच वर आली. बाकावर बसली. वेलिचको बिल्ला सरळ करत समोर उभा राहिला.

"धुतलेल्या होत्या रे," ती म्हणाली.

"मावशी, हे पर्यावरणासाठी आहे. कारखान्यात त्या वितळवतील आणि त्यांच्या नव्या बरण्या बनवतील."

"बरण्या बनवतील?"

"अगदी!"

"मग बरण्याच होत्या की."

वेलिचको बिल्ल्यावरची धूळ पुसायला लागला.

"मावशी, मी दुकानातून नव्या आणतो," पेन्चो म्हणाला.

"आण. चांगल्या असतात. पण त्या रोसित्सा तिकडेच फेकेल. या तिच्या लहानपणच्या होत्या, म्हणून परत पाठवायची." मग पट्टी नसलेल्या डोळ्याने तिने पेन्चोकडे बघितलं. "तळघराचं सुचवलं कोणी?"

पेन्चो मिरच्यांच्या पोत्याची गाठ सोडायला लागला. ती सुटलेलीच होती.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. नगरपालिकेतल्या एक बाई उंच टाचांवर आल्या. 'आदर्श हरित विंग' अशी पाटी त्यांनी वेलिचकोच्या हातात दिली आणि वितळवलेल्या प्लास्टिकचा एक बाक भेट म्हणून ठेवला. त्यावर बसल्या आणि लगेच उठल्या. उन्हात तो तव्यासारखा तापला होता. भाषणात 'भावी पिढ्या' हा शब्द आला, तेव्हा कोपऱ्यात फुलाफुलांचा एप्रन घातलेला पेन्चो विजेच्या भट्टीत मिरच्या उभ्या करत होता. भावी पिढ्या सगळ्या मुर्सियात होत्या.

"कंबर हलव रे जरा!" दोब्रा ओरडली. लोक हसले. पेन्चोने कंबर हलवली. पैज म्हणजे पैज. साल सोलता सोलता बोटं भाजून लाल झाली होती, त्याने ती तोंडात घातली आणि एक डोळा मिचकावला. अजून सगळं मजेत चाललं होतं.

तेवढ्यात ट्रक आला. त्याच्या क्रेनने हिरवा डबा उचलला, हवेत धरला आणि खालचं झाकण उघडलं.

काच कोसळण्याचा तो आवाज संपायला फार वेळ लागला. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते नगरपालिकेच्या बाईंना कळेना. केरामावशी स्टुलावर बसून मिरच्या सोलत होती, कारण पेन्चोचं सोलणं तिला बघवत नव्हतं. तिने मान वर केली नाही. फक्त एक मिरची तिच्या हातात जास्त वेळ राहिली.

बाई गाडीत बसून गेल्या. मिरच्यांसाठी रांग लागली. कोणी पातेलं आणलं, कोणी बादली, कोणी आईस्क्रीमचा डबा, एकाने तर मुलाचं हेल्मेट आणलं. आदर्श हरित विंगमध्ये एकही बरणी उरली नव्हती.

रांगेच्या शेवटी वेलिचको उभा होता. पाटी बाकावर ठेवलेली. हातात बरणी. जुनी, जाड काचेची, स्वच्छ धुतलेली. वर चिठ्ठी तशीच.

सगळ्यांनी पेन्चोकडे बघितलं. राखीव साठा रिकामा झाला होता, आणि असं काही पेन्चो सोडत नसे.

वेलिचको पेन्चोसमोर थांबला नाही. तो मावशीकडे गेला.

"ही जुनी आहे," तो म्हणाला. आवाज साधा होता, माणसाचा. "परत येईल."

मावशीने बरणी घेतली. काचेवरून अंगठा फिरवला. मग अंगठा ओला करून चिठ्ठी हळूच सोडवली, न फाडता, आणि वेलिचकोच्या हातात दिली. स्टुलाखालच्या पिशवीतून एक झाकण काढून बरणीवर लावून बघितलं. बसलं. ती पुन्हा काढून मिरच्या भरायला लागली.

वेलिचको भर अंगणात ती ओली चिठ्ठी घेऊन उभा राहिला. मागे निळा डबा, शेजारी पिवळा. अख्खी विंग बघत होती.

'कागद निळ्यात, साहेब!' पेन्चोच्या जिभेवर ते आलं होतं. दोब्राने तर हसायला तोंडही उघडलं होतं.

वेलिचकोने बिल्ला बाजूला सारला आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली.

पेन्चोने भट्टीतून जळती मिरची हातानेच उचलली.

"पुढचा कोण?" तो खेकसला. "हेल्मेट कोणाचं आहे? आणा लवकर, माझे हात भाजतायत!"