आकारामचा नादोपचार

१९७४ च्या हिवाळ्यात पीटर नावाचा एक डच वादक आटपाडीजवळच्या वाडीत आला आणि आकाराम धनगराच्या घरी चार महिने राहिला. आफ्रिकेतले नगारे, तिबेटी घंटा शिकून झाल्या होत्या; आता त्याला धनगरांचा गजी ढोल हवा होता. आवाजाने आजार बरे होतात, असं तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायचा आणि आकाराम मान हलवायचा.

"पाव्हण्याला न्हाई कशाला म्हणायचं?"

"आवं, तीस वरसं ह्यो ढोल ऐकत्या मी," त्याची बायको बनुबाई म्हणायची. "माझं गुडघं हायत तसंच हायत."

मार्चमध्ये सांगलीत पीटरचा कार्यक्रम झाला. शंभरेक माणसं सतरंज्यांवर डोळे मिटून पडली. पीटरने पितळी वाट्या घुमवल्या. आकारामने ढोल अगदी हळू वाजवला, कारण तसं बजावलं होतं. त्याच्या ढोलापुढं माणसं पहिल्यांदाच घोरली. त्याला अपमान वाटला. पण एका वकिलांनी उठून सांगितलं, सहा महिन्यांनी आज झोप लागली. ते पेपरात आलं, वाडीच्या नावासकट.

पीटर पुढच्याच आठवड्यात इंडोनेशियाला गेला. आकारामच्या दारात मात्र दम्याची, वाताची माणसं येऊ लागली.

"आमी मेंढरामागची माणसं. आटपाडीला डाक्टर हाय, तिकडं जावा," तो सांगायचा. केवढा विनय, असं म्हणून लोक आणखीच पाया पडायचे.

एक दिवस फलटणकडून भामाबाई आली, नवऱ्याला घेऊन. लालासाहेब फौजेतला. एकाहत्तरच्या लढाईतून हातीपायी धड परतला, पण तेव्हापासून तोंडातून शब्द नव्हता. घशात काही दोष नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"दादा, एकदाच वाजवा."

"ताई, मला त्यातलं काय कळत न्हाई."

दोन दिवस ती ओट्यावरून हलली नाही. बनुबाईने दोघांना भाकरी घातली आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "वाजवा की एकदाचं."

आकारामने ढोल गळ्यात अडकवला आणि जत्रेत वाजवतात तसा पुऱ्या ताकदीनं घुमवला. लालासाहेब दचकला. भिंतीला पाठ लावून, कानांवर हात दाबून थरथरू लागला. आकाराम थांबणार, तोच भामाबाईने हात जोडले. त्याने आणखी चार ठोके दिले.

"बंद करा!" लालासाहेब ओरडला. "बंद करा त्यो आवाज!"

आकारामने खाली मान घालून ढोल उतरवला. "चुकलं माझं, जवान. लय तरास दिला."

भामाबाई रडत त्याच्या पाया पडली. लालासाहेबाने पाणी मागितलं. पाणी पिऊन तो बोलू लागला, तोफांच्या माऱ्यात शेजारी पडलेल्या केरू नावाच्या दोस्ताबद्दल, आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत थांबला नाही. आकाराम समोर बसून नुसता "व्हय" म्हणत राहिला.

पुढच्या रविवारी फलटणकडून जीपभर आजारी माणसं आली.

"आवं, ढोल थांबवायसाठी बोलला त्यो!" आकारामने परोपरीनं सांगितलं.

माणसं समजुतीनं हसली आणि अंगणात ओळीनं आडवी झाली.