दुसरी डिस्क

"काढा म्हणजे काढा. त्यात मुहूर्त कसला बघताय?" प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

पूर्णिमानं सर्व्हर बंद केला होता, पण पहिली डिस्क धरलेला तिचा हात पुढे सरकेना. वाघोलीच्या या कॉलेजात सर्व्हर सांभाळणारी ती एकटीच, आणि मॅडम तिच्या विभागप्रमुख.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई ते दुसरीवरही उमटे. एक गेली तरी मुलांचे गुण, फी, हजेरी शाबूत. पण यंत्राला झोपेतून उठवणारा छोटासा प्रोग्रॅम, बूट लोडर, तेवढा पहिलीवरच घातलेला. दोन उन्हाळ्यांपूर्वी नेमकी तीच गेली. दुसरीवर सगळं जिथल्या तिथे होतं, उठवायला मात्र कुणी नाही. पूर्णिमा तेव्हा माहेरी, आर्वीला निघाली होती. फोन आला आणि ती शिक्रापूरलाच बसमधून उतरली. नवी डिस्क बसवली, लोडर पुन्हा तिच्यावरच घातला. दुसरीचं काम उद्यावर गेलं, उद्याचं परवावर. गेल्या उन्हाळ्यात रजा मागितली तर मॅडम म्हणाल्या, "जा की. फक्त सर्व्हरला सोबत न्या."

तिकडे आई, दुर्गाबाई, कुरडयांसाठी खोळंबून बसे. गहू भिजवणं, वाटणं, गाळणं तिला अजून जमे; पण चुलीवर चीक घोटताना तो नेमका कधी उतरवायचा, हे तिच्या थकल्या हातांना कळेनासं झालं होतं. ते पूर्णिमाचं काम. "तू आल्याबिगर मी गहू भिजवत नाई," आई फोनवर म्हणे. दोन उन्हाळे गहू कणगीतच राहिले. आपल्यावाचून तिकडे चूल अडली आहे याचं पूर्णिमाला वाईट वाटे, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटे.

या वर्षी निकाल लागताच तिनं लोडर दुसऱ्या डिस्कवरही घातला. पण नुसता घालून भागत नाही. पहिली काढून यंत्र उठतं का, ते पाहावंच लागतं.

तिनं डिस्क ओढली, बटण दाबलं. पंखे घुरघुरले. पडदा काळाच.

"गेलं वाटतं," मॅडम म्हणाल्या.

मग पांढरी अक्षरं सरसर धावली आणि लॉगिनची चौकट आली.

"वा! म्हणजे आता तुम्ही नसलात तरी चालेल." पुण्यात याला शाबासकी म्हणतात. मॅडमनी तिथल्या तिथे रजा मंजूर केली.

पूर्णिमानं लगेच फोन लावला. "आई, गहू भिजव. रविवारी येते मी."



"अवं बाई, झाल्या ना कुरडया. राजनंदिनीनं केल्या." राजनंदिनी ही पूर्णिमाची नवी भावजय. "म्या म्हटलं, पोरीची नोकरी हाय, तिले कितीक ओढाचं? एकदा दाखवलं, अन् बसलं तिच्या हाताले. पांढऱ्याफेक झाल्या, तुह्यासारख्याच."

"बरं झालं," पूर्णिमा म्हणाली. मनापासूनच म्हणाली, तरी काढलेली डिस्क हातात उगीच उलटसुलट करत राहिली.

"तू ये ना पण. आता तुले काही कराच लागत नाई. पाव्हणीसारखी बस."

"येते."

तिला बसायला जायचंच नव्हतं. धुरानं डोळे चुरचुरताना आईनं पाठीमागून "झाला का वं?" विचारावं आणि आपण "थांब जराशी" म्हणावं, एवढ्यासाठी तिचा जीव दोन वर्षं तिकडे लागला होता.

तिनं पहिली डिस्क जागेवर बसवली, आज्ञा दिली. दुसरीवरचं सगळं हळूहळू पहिलीवर उतरू लागलं. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ते आपलं आपण होईल हो," मॅडम दारातून म्हणाल्या. "निघा आता."

"हो," पूर्णिमा म्हणाली, आणि स्टूल ओढून तिथेच बसून राहिली.